गाडी अजून तयार नाही

माझ्या आत्याने गाडी उभी असताना जितका प्रवास केला, तितका भिवंडीतल्या कुठल्याही माणसाने गाडी पळवून केला नसेल. हे मी कौतुकाच्या भरात लिहीत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते. आमच्या अंगणात मधल्या स्टँडवर चढवलेली एक काळी, जुनी, किक मारून सुरू होणारी टू-स्ट्रोक मोटारसायकल, तिच्याशेजारी पाटावर बसलेली आत्या, आणि हळूहळू डोक्यावर येणारं ऊन. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं आठवायला बसले की मला मोर्चे आणि सभा आठवायला हव्यात, कारण मी त्यांतच वाढले. पण आधी आठवतो तो हा पाट. लोक गाडीवर बसून कुठेतरी जातात. आत्या गाडीशेजारी बसून जायची, आणि कुठे जायची ते आम्हाला कळायला फार उशीर लागला.

हे सगळं चालायचं शुक्रवारी. भिवंडीचा रविवार शुक्रवारी असतो. शुक्रवारी यंत्रमाग बंद, म्हणून सूतबाजार बंद, म्हणून आत्या जिथे हिशेब आणि पत्रव्यवहार बघायची ती सुताच्या व्यापाऱ्याची पेढीही बंद. आमच्या घराची एक भिंत यंत्रमागांच्या शेडला लागून होती. आठवडाभर त्या भिंतीतून मागांची खडखड यायची, पाण्याच्या पेल्यात बारीक लाटा उठायच्या, आणि घरात कोणालाही काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागायचं. शुक्रवारी पहाटे माग थांबले की आम्ही सवयीने तसंच ओरडून बोलायचो, आणि दुपारपर्यंत सगळे एकमेकांवर चिडल्यासारखे वाटायचो. त्या शांततेची वाट बघणारी घरात एकटी आत्याच होती.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलं तर ती "राहून गेलं" एवढंच सांगायची, एखादं पातेलं घासायचं राहून जावं तसं. एकट्या बाईने मोटारसायकल घ्यावी, तीही बिनगिअरची नव्हे तर पायाने गिअर टाकायची, याच्यामागे काहीतरी गोष्ट असणार अशी आमच्या गल्लीची खात्री होती. कोणी म्हणे ती कोणाची तरी आठवण आहे, कोणी म्हणे नवस आहे. मी एकदा तिला सरळच विचारलं. ती म्हणाली, "मला मोपेड हवी होती. गाड्यांच्या दलालाकडे विकायला हीच होती." गल्लीने हे उत्तर मान्य केलं नाही. मीही बरेच दिवस केलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी चहा झाला की आत्या हातातल्या बांगड्या काढून खिळ्याला अडकवायची. मग पंजाबी ड्रेसवर बाबांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. बाह्यांची बटणं लावून झाली की केस कोऱ्या कापडात बांधायचे. या तिच्या पोशाखात एकदा तिला बघायला म्हणून आलेली दूरच्या नात्यातली दोन माणसं तिलाच "ताई घरात आहेत का?" असं विचारून गेली होती, आणि तिने "आहेत, पण कामात आहेत" असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं. त्यानंतर फडकी. फडक्यांची आमच्याकडे कधी ददात नव्हती. भिंतीपलीकडे कापडच विणत होते, आणि खराब निघालेलं कापड तिथला मुकादम आत्याला हवं तेवढं द्यायचा. पण आत्या ते बोटांत धरून, ओढून, उजेडात बघून घ्यायची. टाकी पुसायचं कापड वेगळं, चेनचं वेगळं, हात पुसायचं वेगळं. आईने एकदा घाईत टाकीच्या फडक्याने कढई उतरवली. आत्या काही बोलली नाही. संध्याकाळपर्यंत काहीच बोलली नाही, हेच काय ते बोलणं.

मग ती जमिनीवर बाबांची पत्रकं अंथरायची. बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचं काम करायचे, आणि वाटून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या खाटांखाली असायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले, 'मागणी' हा शब्द मला 'मांजर'च्या आधी वाचता यायला लागला. त्यांतलं एकेक वाक्य मला अजून पाठ आहे आणि ती वाक्यं खरी आहेत असं मी अजून मानते. आत्या त्यांच्यावर नट, वायसर, प्लग आणि कार्बोरेटरचे तुकडे ओळीने मांडायची.

"अगं, त्याच्यावर आमच्या मागण्या आहेत," बाबा म्हणायचे.

"असू दे ना दादा. कागद चांगला जाड आहे. तेल खाली उतरत नाही."

"लोकांनी वाचायला छापलंय ते."

"मी वाचते की. हा बघ, 'किमान वेतन' वर मोठा नट आहे, म्हणून मला लगेच सापडतो."

प्लग काढून घासपेपरने घासायचा, फुंकर मारायची, परत घासायचा. चेनला ब्रशने रॉकेल लावायचं, कोरडी करायची, आणि थेंब थेंब तेल सोडत मागचं चाक हाताने फिरवत राहायचं. चाक फिरताना ती त्याच्याकडे पाहायचीही नाही, समोरच्या भिंतीकडे पाहायची. टायर अंगठ्याने दाबायचा, मग पान्याच्या दांड्याने ठोकून त्याचा आवाज ऐकायचा. हवा कमी वाटली तर गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे न्यायची, कारण एवढ्याशा अंतरासाठी थंड इंजिन सुरू करणं तिला रानटीपणाचं वाटायचं. पेट्रोलमध्ये ऑइल घातलं की टाकी दोन्ही हातांनी धरून गाडी डावी-उजवी हलवायची. आमचा मेकॅनिक उत्तरेकडून येऊन भिवंडीत मुरलेला माणूस होता. तो एकदा हे सगळं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मेरे पास लोग गाडी बीमार होने के बाद लाते हैं. आप तो तंदुरुस्त गाडी को हर हफ्ते दवाखाने में डालती हो."

"तंदुरुस्त आहे ती म्हणूनच," आत्या म्हणाली.

"तो फिर मेरा धंदा कैसे चलेगा?"

"तुमचा चालतो. कुलूप लावून जेवायला जाता तेव्हा बाहेर रांग असते."

शेवटी यायचं ऐकणं. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, एक किक नुसती, दुसरी खरी. गाडी सुरू झाली की आत्या डोळे मिटून, मान तिरकी करून इंजिनाशेजारी बसायची. यासाठीच तिला शुक्रवार लागायचा, इतर दिवशी मागांच्या खडखडीत स्वतःचा श्वास ऐकू येत नाही, तिथे इंजिन काय ऐकणार. एका शुक्रवारी काय झालं, भिंतीपलीकडच्या शेठने अर्जंट माल म्हणून माग चालू ठेवले. आत्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग तशीच शर्टात, डोक्याला कापड बांधलेली शेडमध्ये शिरली. मी मागोमाग गेले, कारण मला वाटलं, आता काहीतरी होणार.

"हे बंद करा जरा," ती मुकादमाला ओरडून म्हणाली.

"मॅडम, अर्जंट है. शेठ का फोन पे फोन आ रहा है."

"माझ्या इंजिनातून 'टिक' असा आवाज येतोय. कुठून येतो ते कळत नाही. ऐकू द्या, मग चालवा."

मुकादम हसणारच होता. पण आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखण्यात ज्यांचा जन्म जातो अशा माणसांना 'टिक' ही गोष्ट उडवून लावता येत नाही. त्याने माग बंद केले. कामगार बाहेर आले, गाडीभोवती गोल करून उभे राहिले, आणि प्रत्येकाने आपलं मत दिलं. एक म्हणाला पिस्टन, एक म्हणाला नुसता सायलेन्सरचा नट ढिला आहे, तिसरा म्हणाला असा आवाज त्याच्या चाचाच्या गाडीला यायचा आणि ती गाडी अजून चालते आहे. आत्याने प्रत्येकाचं ऐकून घेतलं, प्रत्येकाच्या म्हणण्याप्रमाणे एकेक जागा तपासली. आईने सगळ्यांना चहा केला. माग पुन्हा सुरू झाले तेव्हा जेवायची वेळ होत आली होती. बाबा घरी आल्यावर हे ऐकून हरखले. एक बाई एकटी जाऊन सुट्टीच्या दिवशी चाललेले माग बंद पाडून आली, हे त्यांना पुढच्या पत्रकात पहिल्या पानावर हवं होतं. आत्या म्हणाली, "दादा, नट ढिला होता. तेवढंच लिही."

एवढ्या तयारीनंतर आत्या जायची कुठे, तर वज्रेश्वरीच्या रस्त्याने अंबाडी गावापर्यंत. कधी पुढे वज्रेश्वरीला गेलीच तर देवीला बाहेरून हात जोडायची, गरम पाण्याच्या कुंडांकडे वळायचीही नाही, एक चहा प्यायची आणि परत. वाटेत ट्रक, टेम्पो, एसटी, एकदा तर एक सायकलवाला तिच्या पुढे गेला. कॉलेजात असताना मी एकदा हट्टाने तिच्या मागे बसले. मी तेव्हा बाईच्या मुक्तीवर एक लेख लिहीत होते, आणि त्याच्यात हा रस्ता, हा वारा आणि ही गाडी घालायची असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. अंबाडीला चहा घेताना मी तिला विचारलं, "आत्या, किती मोकळं वाटत असेल ना तुला?"

"कंबर दुखतेय," ती म्हणाली. बशीतला चहा संपवून तिने थोडा विचार केला. "मोकळं सकाळी वाटत होतं."

मी तो लेख लिहिला. त्याच्यात वारा घातला, कंबर घातली नाही.

गोष्ट बदलली ती एका किकेने. आत्याने कुठल्याशा शुक्रवारी इंजिनात ठिणगी कधी पडायची त्या टायमिंगला स्वतःच हात लावला, मेकॅनिकने लावू नका सांगितलं असताना. दुसरी, खरी किक मारली तेव्हा ती उलटी आली आणि तिच्या घोट्यावर बसली. हाड मोडलं. प्लास्टर उतरवताना डॉक्टरांनी सांगितलं की पाय बरा होईल, चालाल, फिराल, पण किक मारायची नाही. मेकॅनिक भेटायला आला तेव्हा मोसंबी घेऊन आला आणि दारातच म्हणाला, "मैंने बोला था ना, हाथ मत लगाओ." आत्या म्हणाली, "आवाज चांगला आला होता पण." तो कपाळाला हात लावून बसला.

बाबांनी मग जे केलं ते प्रेमाने केलं, हे आधी लिहायला हवं. त्यांनी हप्त्यांवर एक नवीन स्कूटर घेतली. बिनगिअरची, बटण दाबलं की सुरू होणारी, रंगाने चंदेरी. आत्याला हात धरून अंगणात आणलं आणि चावी हातात दिली. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू मागण्या सगळ्याच्या सगळ्या मान्य झाल्यात. "आता किकची कटकट नाही," ते म्हणाले. "चोक नाही, कॉक नाही, काही उघडायचं नाही. बस आणि जा." जुनी गाडी विकायचं त्यांनी मेकॅनिकला सांगूनही ठेवलं होतं. काल्हेरच्या एका गोदामात काम करणारा कोणी गिऱ्हाईक होता. आत्या म्हणाली, "छान आहे, दादा." आणि खरंच छान होती.

पहिल्या शुक्रवारी आत्याने चहा घेतला, बटण दाबलं आणि गेली. अंबाडीला जाऊन ती परत आली तेव्हा आई अजून पहिल्या भाजीवरच होती. आत्याने स्कूटर लावली. तिचे हात स्वच्छ होते. बांगड्या हातातच होत्या.

"वन्सं, बरं झालं आलात," आई म्हणाली. "एवढे वाल सोलून देता?"

मोड आलेले वाल सोलणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायचं, आणि पातेलं काही भरत नाही. आत्या सोलत बसली. तेवढ्यात शेजारच्या काकू बाही उसवलेला ब्लाउज घेऊन आल्या. मग बाबांना एका निवेदनाची चांगल्या अक्षरात प्रत हवी होती. मग मलाही, कारण मी खोटं कशाला लिहू, माझ्या ओढणीला पिको करून आणायची होती आणि आत्या स्कूटरवरून पटकन जाऊन येऊ शकत होती. पुढच्या शुक्रवारी तसंच, त्याच्या पुढच्याही. गाडीत करायला काही नव्हतं. तिने एकदा पाना घेऊन स्कूटरभोवती एक फेरी मारली. सगळं प्लास्टिकच्या आत बंद होतं, आणि उघडलं तर गॅरंटी जाईल असं बाबांनी बजावून ठेवलं होतं. तिने आत येऊन पाना फडक्यात गुंडाळून ठेवला आणि ती आईला म्हणाली, "आणा वहिनी, काय आहे ते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला की मी गप्प बसत नाही. इतकी वर्षं शुक्रवारी सकाळी आत्याला कोणी हाक मारली नव्हती, कारण तिचे हात काळे असायचे. काळ्या हातांच्या बाईला कोणी वाल देत नाही, कोणी बाही देत नाही, निवेदन तर देतच नाही. मी बाबांना जेवणाच्या ताटावरच धरलं. म्हटलं, "तुम्ही मागवाल्यांसाठी आठवड्याची सुट्टी मागता. तिच्यासाठी भाषणं करता. आणि घरातल्या बाईची सुट्टी तुम्ही एका बटणात संपवलीत."

"मी तिच्या पायासाठी आणली," बाबा म्हणाले.

"पायासाठी आणलीत, हात घेऊन गेलात."

"वाक्य बरं आहे," बाबा म्हणाले. "पण तू पिकोला पाठवलंस की तिला."

मी यावर काही बोलणार इतक्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वन्संचे हात काळे असायचे तेव्हा माझे कुठे असायचे, ते पण लिहा तुमच्या पत्रकात." ती रागावून नाही म्हणाली, पोळी उलटता उलटता म्हणाली.

रात्री आत्याने मला बोलावून सांगितलं, "माझ्यावर काही लिहून वाटायचं नाही, सांगून ठेवते."

"पण खरं आहे ना ते?"

"खरं आहे म्हणूनच. मी कोणाशी भांडले नव्हते. कोणाला नाहीही म्हणावं लागलं नव्हतं." ती बांगड्या मागेपुढे करत बसली. "नाही म्हणायचं मला जमत नाही गं. गाडी होती ती म्हणायची माझ्यासाठी."

जुनी गाडी न्यायला मेकॅनिक यायचा होता तो शुक्रवार उजाडला. आत्याने बाबांना एवढंच सांगितलं की गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची तर तयार करून द्यायची, तशीच कशी द्यायची. यात बाबांना नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. सकाळी बांगड्या खिळ्याला गेल्या, शर्ट चढला, पत्रकं अंथरली गेली. गाडी कितीतरी आठवडे उभी होती, त्यामुळे कामही खूप निघालं. पाय दुखत असल्याने आत्याला चाक फिरवताना वाकता येईना, आणि मी तेव्हा पेट्रोल आणायला गेले होते. मी परत आले तर अंगणात आई बसली होती, पदर खोचून, दोन्ही हातांत चेन धरून.

"वहिनी, नुसती धरा, ओढू नका," आत्या म्हणत होती.

"ओढत नाही हो. हिचंच वजन केवढं आहे."

"आता हळूहळू सोडा. हां. आता पुसा चक्राचा तो दात. एकेक."

आई एकेक दात पुसत होती. तिच्या कपाळावर तेलाची रेघ उठली होती. आतून बाबांची हाक आली, "अगं, चहा होईल का?" आईने सवयीने उठण्यासाठी एक हात जमिनीला टेकला, मग आपल्या हातांकडे पाहिलं. मग आत्याकडे. आत्या चेनमध्ये बघत होती, तिने मान वर केली नाही.

"माझे हात काळे आहेत हो," आई आतल्या बाजूला तोंड करून म्हणाली. "तुम्हीच टाका, आणि वन्संना पण आणा." असं म्हणून ती परत बसली आणि पुढचा दात पुसायला लागली. बाबांनी चहा आणला. आलं न ठेचता अख्खंच टाकलं होतं. दोघींनी तो निमूटपणे प्यायला आणि कप बाजूला ठेवताना त्यांवर बोटांचे काळे ठसे राहू नयेत याची अजिबात काळजी घेतली नाही.

दुपारी मेकॅनिक आला. काल्हेरचं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. त्याने किक मारली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. "मख्खन," तो म्हणाला. आत्या पाटावर बसली, डोळे मिटले, मान तिरकी केली. बाबा दारात उभे, आई उंबऱ्यावर, मी भिंतीला टेकून. मला तेव्हा वाटलं की ती आता उठेल आणि म्हणेल, घेऊन जा, आणि मग मी मध्ये पडेन आणि जे म्हणायचं ते म्हणेन. मी वाक्यं जुळवून ठेवली होती.

आत्याने डोळे उघडले. "आवाज बरोबर नाही," ती म्हणाली.

"मॅडम, एकदम साफ आवाज है."

"तुमच्या कानाला असेल. मला असं अर्धवट काम देता येणार नाही. बिचारा रोज काल्हेरला येऊन-जाऊन करणार, वाटेत बंद पडली तर नाव माझं. पुढच्या शुक्रवारी या."

पुढच्या शुक्रवारी क्लचची वायर तिला कोरडी वाटली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी प्लगच्या रंगाबद्दल तिला शंका होती, आणि तो प्लग तिने मेकॅनिकच्या नाकासमोर धरला. तो म्हणाला, "इससे अच्छा रंग तो मैंने नये प्लग का नहीं देखा." ती म्हणाली, "तेच म्हणतेय, जरा जास्तच चांगला आहे." गिऱ्हाइकाने दुसरीकडे गाडी घेतली. मेकॅनिकने आणखी एक आणलं, पूर्णा गावचं. गावाचं नाव ऐकल्यावर आत्याने काळजीच्या स्वरात विचारलं की रस्ता कसा आहे तिकडचा, आणि ऐकून घेऊन म्हणाली की मग तर शॉकअपचंही बघावं लागेल.

बाबा हे सगळं बघत होते. आयुष्यभर त्यांनी मालकांशी वाटाघाटी केल्या होत्या, त्यामुळे समोरचा माणूस तारीख पुढे ढकलतोय हे त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. एका शुक्रवारी मेकॅनिक आला तेव्हा बाबा ओट्यावर वाल सोलत होते. हळू सोलत होते, अर्धे दाणे चिरडत होते. मेकॅनिकने विचारलं, "साहब, आज ले जाऊँ गाडी?"

बाबांनी अंगणात पाहिलं. आत्या आणि आई दोघी पाठमोऱ्या बसल्या होत्या. मागचं चाक सावकाश फिरत होतं.

"गाडी अजून तयार नाही," बाबा म्हणाले. लेबर ऑफिसात बोलतात त्या आवाजात म्हणाले. "झाली की मी स्वतः सांगायला येईन. तोवर तुम्ही यायचा त्रास घेऊ नका."

"कब तक होगी?"

"ते आतल्या कमिटीचं काम आहे. मी त्यात पडत नाही."

मेकॅनिक हसला, बाबांच्या शेजारी टेकला आणि मूठभर वाल उचलून सोलायला लागला. त्यानंतर तो गाडीबद्दल विचारायला आला नाही. कधी आला तर तसाच, चहाला.

आता किक मी मारते. ते काम माझ्याकडे कधी आलं ते आठवत नाही. कॉक उघडणं, चोक ओढणं आत्याचंच, मी फक्त पाय द्यायचा. गाडी सुरू झाली की ती ऐकते, आणि मग म्हणते, "जा, फिरवून आण. इंजिन तापल्यावर परत एकदा ऐकायला हवं. तोवर हात धुऊन काय उपयोग." आईनेही हे शास्त्र मान्य केलं आहे. गाडी बाहेर आहे तोवर तयारी संपलेली नसते, आणि तयारी संपली नाही तोवर दोघींनी अंगणातून उठायचं कारण नाही. चंदेरी स्कूटर बाबा वापरतात, सभांना जायला.

मी अंबाडीच्या रस्त्याला लागते. मला खरं तर शुक्रवारी खूप कामं असतात. संध्याकाळी बैठक असते, मजकूर लिहायचा असतो, आणि थांबणं हा माझा स्वभाव नाही. मला अजून वाटतं की माणसाचा वेळ त्याच्या मालकीचा व्हायचा तर तो मागून, भांडून, लिहून घ्यावा लागतो, चेन पुसत बसून मिळत नाही. हे मी आत्याला सांगितलंही आहे आणि तिने "बरोबर आहे" म्हटलं आहे. पण अंबाडीच्या टपरीवर चहा पिऊन झाला, गाडी वळवून ठेवली, की मला घर दिसायला लागतं. मी आत्ता पोचले तर आत्या इंजिन ऐकेल, मान हलवेल, दोघी उठतील आणि नळावर जातील. गाडी तर उत्तम चालली आहे, आवाज बरोबर आहे, वाटेत मला काहीही अडलेलं नाही. मी टपरीवाल्याला अजून एक चहा सांगते, आणि तो सावकाश कर म्हणते.